कच्चा टाका

या गावातल्या सगळ्यांची मापं माझ्याकडे आहेत.
ग्लेनिस पर्डीची कंबर एकतीस, सीझन संपताना तीस.
ॲलेक थॉर्नबरचा डावा खांदा अर्धा इंच खाली.
टॅम्सिन तिकीटखिडकीत बसायची तेव्हाच
नजरेनं तिचं माप घेऊन ठेवलं होतं मी.

मंडस्ली, नॉर्फकचा किनारा. उन्हाळ्यात सहा नाटकं.
समुद्र इतका जवळ की पडद्याच्या मखमलीलाही मीठ लागायचं.
गावात दुकानं अकरा, आणि अकराही दुकानांत
कोण कुणाशेजारी बसलं होतं याची उधारी चालायची.
इंदुमतीचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात इंडी केलं.
मीही करू दिलं. नाव आत मुडपून घेता येतं,
कापावं लागत नाही.

सांगलीत तालमीच्या हॉलच्या खिडकीखाली उभी राहून
तीन नाटकं तोंडपाठ केली होती,
आत जायची परवानगी नव्हती.
इथं आत होते. अगदी आत, विंगेत,
तोंडात टाचण्या धरून.
तोंडात टाचण्या असल्या की आपण बोलत नाही
आणि लोक आपल्यासमोर सगळं बोलतात.

ग्लेनिस म्हणाली होती, ऑगस्टच्या नाटकात मोलकरीण आहे,
दोन वाक्यं. तुझीच.
ती दोन वाक्यं मी कांदा चिरताना म्हटली,
बसस्टॉपवर म्हटली, नवरा घोरत असताना म्हटली.
गाडी आलीय, मॅडम. पण रस्त्यात पाणी आहे.
मग ती केमिस्टच्या बायकोला मिळाली.
"प्रेक्षक गोंधळतील गं, तसलं घर नाही ते,"
ग्लेनिस म्हणाली,
आणि दोन्ही हात वर केले, बाही लावून घ्यायला.

त्याच आठवड्यात ॲलेकच्या वेस्टकोटचं बटण
टॅम्सिनच्या एप्रनच्या खिशात सापडलं.
हाडाचं, चार भोकांचं, मीच लावलेलं.
अकरा वर्षं ग्लेनिसच्या घरात राहणारा माणूस.
त्याचं बटण मी गुपचूप जागेवर लावलं,
त्याच रंगाच्या दोऱ्यानं.
तेव्हा ते मला नुसतं काम वाटलं.

पुढचं मात्र काम नव्हतं.
पहिल्या प्रयोगाच्या दुपारी
निळ्या गाऊनची पाठ मी दुहेरी टिपेऐवजी
धावदोऱ्यानं धरली. शाळकरी पोरीलाही येतो तो.

तिसऱ्या अंकात ती गुडघ्यांवर बसली.
कापड उसवतं तेव्हा मोठा आवाज होत नाही,
कुणी कानाशी येऊन आपलं नाव घ्यावं, तेवढाच.
ती उठली. पाठ फिरवली नाही.
उरलेला सगळा प्रवेश समोर बघत केला
आणि शेवटी दारापर्यंत उलट्या पावलांनी गेली,
जणू त्या घराचा निरोप तिला घेववत नव्हता.
लोक रडले. केमिस्ट उभा राहून टाळ्या वाजवत होता.
मी उसवलेलंही तिनं अंगाला शोभवलं.

रात्री तिनं गाऊन माझ्या टेबलावर ठेवला.
सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली बराच वेळ.
"इंदुमती," म्हणाली, "तुझा टाका कधी सुटत नाही."
पूर्ण नाव. उच्चारही बरोबर.
म्हणजे इतकी वर्षं येत होतं तिला.

सप्टेंबरात तोच गाऊन मी अडीच इंच आत घेतला, टॅम्सिनसाठी.
ऑक्टोबरात टॅम्सिन लंडनला गेली, ॲलेकला न सांगता.
तो अधूनमधून दिसतो, खेकडेवाल्याच्या टपरीपाशी,
खांदा आता इंचभर खाली.
ग्लेनिस बहिणीकडे राहते, वेल्समध्ये.
नाताळात कार्ड येतं. आत फक्त सही.

एकदा, हॉल बंद असताना, मी तो अंगात घातला.
स्टेजवर मधोमध उभं राहून म्हटलं,
गाडी आलीय, मॅडम.
पुढचं वाक्य आठवेना.
पाठीचे हुकही लागेनात,
त्याला दुसरं माणूस लागतं.
मी तशीच उभी राहिले,
रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून.